धुराने आखलेलं घर

इंग्लंडमधल्या केंटमध्ये आम्ही पहिल्यांदा भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एजंट दार उघडायचा, दोन पावलं आत यायचा आणि म्हणायचा, हा हॉल. मी इकडेतिकडे बघायचे. समोर बुटांचं रॅक, भिंतीला कोट अडकवायच्या खुंट्या, वर जाणारा जिना, आणि दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याला दारातच थांबावं लागेल एवढीच जागा. हा हॉल? माझं लहानपण कुडाळजवळच्या गावात गेलं आणि नंतरची बारा वर्षं ठाण्यात वन बीएचकेमध्ये, त्या बीएचकेमधला एच म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खोली, टीव्ही तिथे, पाहुणे तिथे, मुलांचा अभ्यास तिथे, रात्री गाद्या पण तिथेच. आणि इथे इंग्रजांच्या देशात त्यांचाच शब्द असा एका बोळकांडीला लावलेला. तेव्हा घाईत होतो, घर मिळालं, विषय डोक्यातून गेला.

तो परत आला तो एका माळ्यावर. आमच्यापासून चार घरं सोडून एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मेडस्टोनपासून थोडं आत असलेलं आमचं गाव, त्यात त्यांचं घर बाहेरून अगदी साधं दिसतं, खाली विटा, वरच्या मजल्याला भिंतीवर लटकवलेली लाल चपटी कौलं, मधोमध जाडजूड चिमणी. ख्रिसमसचे खोके माळ्यावरून काढून द्यायला त्यांनी मला बोलावलं होतं. शिडी चढून मी वर डोकं काढलं, मोबाईलचा टॉर्च लावला, आणि थांबलेच. वरचे सगळे वासे काळेकुट्ट. जळलेले नव्हते, काजळलेले होते, आमच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरचे वासे असायचे तसे, चकाकी असलेला जाड काळा थर. मी वरूनच विचारलं, इथे कधी आग लागली होती का? आजी शिडीखाली उभ्या राहून म्हणाल्या, आग नाही बाळ, स्वयंपाक. आणि मग म्हणाल्या, मधल्या आडभिंतीची दुसरी बाजू बघ.

मी वाकून तिकडे गेले. छपराच्या पोकळीत लाकडी चौकटीची एक आडभिंत होती, मातीने लिंपलेली. तिची मधल्या बाजूची माती आणि लाकूड काळं, आणि पलीकडची बाजू स्वच्छ, मधाच्या रंगाची, जशी काही गेल्या वर्षी बसवलेली. म्हणजे एकाच भिंतीच्या एका अंगाला शंभर दीडशे वर्षं धूर लागत होता आणि दुसऱ्या अंगाला कधीच नाही. खाली उतरले तर आजींनी चहा ठेवला होता आणि त्या म्हणाल्या, आता तुला कळलं असेल माझं हे घर म्हणजे मुळात एक हॉल आहे.

त्यानंतरचा तो हिवाळा मी या एकाच विषयात घातला असं म्हटलं तरी चालेल, आणि माझं मत असं झालं की या घरांची गोष्ट लाकडापासून सुरू करायची नाही, ती धुरापासून सुरू करायची. लाकूड नंतर येतं.

चौदाव्या पंधराव्या शतकातलं केंट किंवा ससेक्समधलं बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर डोळ्यासमोर आणा. मधे एक मोठी खोली, जमिनीपासून थेट छपरापर्यंत उघडी, वर मजला नाही, माळा नाही, सीलिंग नाही. त्या खोलीच्या साधारण मध्यावर जमिनीवरच विस्तव, ना भिंतीला टेकलेला ना चिमणीत कोंडलेला, दगड किंवा कौलांचे तुकडे उभे बसवून केलेल्या चौथऱ्यावर लाकडं जळतायत आणि धूर सरळ वर. वर जाऊन तो छपरात साठतो, तिथे रेंगाळतो, आणि आढ्याजवळच्या झरोक्यातून किंवा छपराच्या टोकाच्या छोट्या त्रिकोणी भोकांतून आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडतो. बस. या खोलीला हॉल म्हणायचे आणि पूर्ण घरालाही हॉलच म्हणायचे.

आता बघा, वर मजला का नाही? कारण धुराला उंची पाहिजे. खोली एवढी उंच केली नाही तर धूर माणसांच्या नाकातोंडात जाईल. खिडक्यांना काच का नाही? काच महाग होती हे एक, पण ओक लाकडाचे चौकोनी गज, तिरके बसवलेले म्हणजे कोन बाहेर, आणि मागे सरकणारी फळी, एवढ्याने काम भागायचं आणि विस्तवाला हवा पण मिळायची, वाऱ्याच्या बाजूची फळी लावायची, दुसरी उघडी ठेवायची. इंग्रजीतला विंडो हा शब्दच मुळात जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ वाऱ्याचा डोळा. हे कळल्यावर मला आपला गवाक्ष आठवला, गो अधिक अक्ष, गाईचा डोळा. दोन्हीकडे लोकांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला. आणि झोपायच्या, धान्य ठेवायच्या खोल्या हॉलच्या दोन टोकांना का? कारण मधे धूर आहे, तिथे मजला बांधताच येत नाही, म्हणून मजले दोन टोकांना, आणि मधे पोकळी. घराचा सगळा आराखडा हा असा धुराने आखून दिलेला आहे.

त्या दोन टोकांची पण गंमत आहे. एक टोक वरचं, एक खालचं, जमीन सपाट असली तरी. खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारं, पुढचं आणि मागचं, त्यांच्यामधून आरपार जाणारी वाट, आणि वाटेच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या, बटरी आणि पँट्री. मला कितीतरी दिवस वाटायचं बटरीत लोणी ठेवत असतील, पण तो शब्द पिंपांवरून आला, तिथे एल म्हणजे त्यांची रोजची बिअर ठेवायची. पँट्री मात्र पावाची, लॅटिन पानिसवरून फ्रेंच पँ आणि त्यावरून पँट्री, आणि त्याच पानिसवरून पोर्तुगीज पाँव आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे पाव. केंटच्या शेतकऱ्याची पँट्री आणि कुडाळच्या बाजारातला पाव हे एकाच आजीची नातवंडं. वरच्या टोकाला भिंतीशी घट्ट बसवलेला बाक, पुढे लांब टेबल, तिथे घरधनी आणि त्याची बायको बसायची, शेजारी उंच खिडकी म्हणजे सगळ्यात चांगला उजेड त्यांच्यावर. नोकर, गडी, मुलं खाली. पण सगळे एकाच छपराखाली, एकाच विस्तवाभोवती, आणि मालक जेवतोय ते गड्याला दिसायचं आणि गडी काय खातोय ते मालकाला. टेबलामागच्या भिंतीतल्या दारातून मालकाची बैठकीची खोली, तिच्यावर झोपायची खोली जिला सोलर म्हणत.

केंट ससेक्समध्ये या घराचा एक खास प्रकार आहे त्याला वीअल्डन म्हणतात, तिथल्या जुन्या वीअल्ड जंगलावरून. दोन्ही टोकांचे वरचे मजले रस्त्याच्या बाजूला दीड दोन फूट पुढे काढलेले, पण मधला हॉल मागेच, कारण त्याला मजलाच नाही तर पुढे काय काढणार, आणि वर छप्पर मात्र एकच सरळ लांब. त्यामुळे मधल्या भागात छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे येते आणि तिला आधार द्यायला दोन्ही बाजूंनी वाकडी कमानदार लाकडं. एकदा ओळखायला शिकलात की बसमधून जाताना पण दिसतात. यॉर्कमध्ये, कॉव्हेंट्रीच्या स्पॉन स्ट्रीटवर पण या प्रकारची घरं आहेत, पण केंटइतकी दाटी कुठेच नाही. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडमधली माणसं भयंकर प्रमाणात मेली, जे उरले त्यांना जमीन मिळाली, मजुरी वाढली, आणि पुढच्या शंभर वर्षांत जे शेतकरी वर आले त्यांनी ही घरं बांधली. त्यात केंटमध्ये जमीन सगळ्या मुलग्यांत वाटायची जुनी पद्धत होती, गॅव्हलकाइंड, ती कायद्याने संपली थेट १९२५ च्या कायद्यांनी. म्हणजे ही सरदारांची घरं नाहीत, शेतकऱ्यांची आहेत, आणि म्हणूनच मला ती पेनशर्स्टच्या राजवाड्यासारख्या हॉलपेक्षा जास्त आवडतात. पेनशर्स्ट जरूर बघा, १३४१ चा हॉल, साठ फूट उंच, मधोमध अष्टकोनी चूल अजून तशीच आहे, छाती दडपते. पण तिथे मला कोणाचं घर दिसलं नाही.

आता लाकूड. इथे मी थोडी रमणार आहे.

झाड ओकचं, आणि वापरायचं ओलंच. आपल्याकडे सागवान वर्षानुवर्षं सुकवायचं, तासायचं, मग लावायचं अशी रीत, त्यामुळे ओलं लाकूड घराला लावलं हे ऐकून आईला पहिल्यांदा धक्काच बसला होता. पण ओक सुकला की दगडासारखा होतो, हत्याराला जुमानत नाही, ओला असताना लोण्यासारखा कापला जातो, म्हणून तोडल्यावर लवकरच तासून, भोकं पाडून, सांधे करून चौकट उभी करायची आणि मग ती जागेवरच सुकू द्यायची. सुकताना लाकूड वाकतं, पिळतं, आणि त्या पिळण्याने सांधे सैल व्हायच्या ऐवजी अजून आवळतात. जुन्या घरांच्या भिंती तिरक्या, जमिनी उतरत्या दिसतात त्याचं हे मोठं कारण.

सांधा कसा? एका लाकडाला पटाशीने चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसेल असं कुसू, दोन्हीतून गिरमिटाने भोक पाडायचं आणि ओकची खुंटी ठोकायची. खिळा एकही नाही. पण खरी हुशारी इथे आहे, कुसवाचं भोक खाचेच्या भोकाशी मुद्दाम अगदी बरोबर जुळवत नाहीत, सूतभर आत पाडतात. मग निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि जाता जाता दोन्ही लाकडं एकमेकांकडे खेचून घेते. आजींच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी अशी एक खुंटी आहे, तिचं टोक कापलेलं नाही, भिंतीतून बोटभर बाहेर आलेलं, आजी तिला चहाचं फडकं अडकवतात. मी हात लावून बघितलं, आठ पैलू आहेत, सुऱ्याने फटाफट तासलेले, प्रत्येक पैलू वेगळ्या रुंदीचा. ज्याने तासली त्याने अशा शेकडो तासल्या असणार, एकेकीला अर्धा मिनिटसुद्धा दिला नसेल. आणि ती साडेपाचशे वर्षं दार धरून उभी आहे.

खांबांची गोष्ट याहून सुंदर. कोपऱ्यांचे आणि खणांचे मुख्य खांब उलटे लावायचे, म्हणजे झाडाचा बुंधा वर आणि शेंडा खाली. कारण खांबाच्या डोक्यावर तीन लाकडं एकत्र येतात, खांब स्वतः, भिंतीवरून जाणारी लांब तुळई, आणि घराच्या रुंदीत पलीकडच्या खांबापर्यंत जाणारी आडवी तुळई, आणि या दोन्ही तुळयांना धरायला खांबाच्या माथ्यावर दोन वेगवेगळी कुसवं लागतात. एवढी जागा सरळसोट खांबात नसते. पण बुंधा मुळाकडे फुगलेला असतो, तो वर केला की आपोआप रुंद माथा मिळतो. झाडाने स्वतःला उभं ठेवायला जो फुगवटा वाढवला तोच सुताराने छप्पर धरायला वापरला.

खण हा शब्द मी सहज वापरला, पण खरं तर तो मुद्दाम वापरायला पाहिजे. आपल्याकडे वाडा किती मोठा हे सांगताना पाच खणी, सात खणी म्हणतात, दोन खांबांच्या जोड्यांमधलं अंतर म्हणजे एक खण. तिथेही हेच माप, बे म्हणतात, जुन्या कागदपत्रांत घर, कोठार सगळं बेमध्ये मोजलेलं असतं. लाकडी चौकटीचं घर बांधणारा माणूस जगात कुठेही असो, तो असाच मोजणार, कारण चौकट असंच मोजते.

आणि ही चौकट आधी घराच्या जागेवर करायचीच नाही. सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी मांडायची, एकेक भिंत, प्रत्येक सांधा जुळवून बघायचा, सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखी खूण करायची, आणि परत सगळं सुटं करून बैलगाड्यांतून जागेवर न्यायचं. खुणा म्हणजे रोमन आकडे, कारण पटाशीने सरळ रेघा मारणं सोपं, चार म्हणजे बहुतेक वेळा चार उभ्या रेघाच. आजींच्या माळ्यावर नंतर मी त्या शोधल्या, काजळीखाली बोटाला लागतात, तीन रेघा, पलीकडच्या लाकडावर तीन रेघा. पुढच्या वाशांच्या जोडीवर चार आणि चार.

अशा एका घराला झाडं किती लागत असतील? केंब्रिजचे वनस्पतीशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफकमधल्या एका जुन्या फार्महाऊसची लाकडं मोजली तर सव्वातीनशेच्या आसपास झाडं निघाली, पण त्यातली बरीचशी बारीक, नऊ इंचांपेक्षा कमी जाडीची. राक्षसी वृक्ष तोडून घरं बांधली असं नाही. ज्या कामाला जेवढं लाकूड पाहिजे तेवढंच झाड जंगलातून निवडायचं, करवतीचं काम कमी, वाया काही नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई आली तेव्हा तिला मी सिंगलटनला घेऊन गेले. वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टरच्या वर हे खुलं संग्रहालय आहे, वीअल्ड अँड डाऊनलँड, रॉय आर्मस्ट्राँग यांनी सुरू केलं, १९७० साली लोकांसाठी उघडलं. जी जुनी घरं पाडली जाणार होती ती उचलून आणून इथल्या टेकड्यांच्या कुशीत परत उभी केलीत. त्यातलं बेलीफ फार्महाऊस हे वीअल्डन घर म्हणजे माझ्यासाठी देऊळ आहे. मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे बाव बीच नावाचा जलाशय करायचं ठरलं, खोऱ्यातली घरं जाणार होती, तेव्हा हे घर एकेक लाकूड सुटं करून नेलं. आणि ते नेता आलं याचं कारण ते मुळात तसंच बनलं होतं, सुटं करून गाडीत घालून नेण्यासारखं. खुंट्या ठोकून काढल्या, लाकडांना नंबर दिले, परत जोडलं. पहिल्या सुताराने जे केलं तेच पाचशे वर्षांनी उलटं आणि परत सुलटं.

बेलीफचे चार खण आहेत, एक बटरी पँट्रीचा, दोन हॉलचे, एक वरच्या टोकाचा. वरच्या टोकाचा खण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, बाकीचा भाग त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. घर साधारण १५४० साली कसं असेल तसं सजवलंय, टेबल, बाक, पेट्या, पलंग सगळं नवीन बनवलेलं आहे म्हणून बसता येतं, हात लावता येतो. आम्ही गेलो तेव्हा हॉलमध्ये विस्तव पेटलेला होता. बाहेर लख्ख ऊन आणि आत शिरलो तर क्षणभर काही दिसेना, मग हळूहळू वर एक निळसर पट्टा दिसला, धुराचा, डोक्याच्या बराच वर तरंगत होता, आणि उंच खिडकीच्या गजांमधून येणारी उन्हाची तिरीप त्यात अडकून तिचे चार पाच वेगवेगळे पट्टे झाले होते. आई काहीच बोलली नाही. ती सरळ विस्तवाजवळच्या बाकावर जाऊन बसली, पदर सावरला, आणि बसल्या बसल्या पुढे वाकून एक लाकूड आत सरकवलं. मी घाबरले, संग्रहालय आहे, कोणी ओरडेल. तिथे जुन्या पद्धतीचे कपडे घातलेली एक स्वयंसेवक बाई होती, तिने नुसतं बघितलं आणि मला म्हणाली, तुमच्या आईला हे येतं. मी आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, सांग तिला, लाकूड ओलं आहे.

मग तिने भिंत बघितली. एका ठिकाणी गिलावा न करता आतलं काम दिसेल असं ठेवलं होतं. वरच्या आडव्या लाकडाला खालून भोकं, खालच्या लाकडाला खाच, उभ्या फाट्या भोकात खुपसून खाचेत सरकवलेल्या, त्यांच्यामधून हेझलच्या लवचिक काठ्या विणलेल्या, आणि त्यावर चिखल, शेण आणि चिरलेला पेंढा यांचा लगदा दोन्ही बाजूंनी थापलेला. आई हात फिरवत म्हणाली, "ह्यो आपलो कूडच गो!" कारवीच्या काठ्यांचा शेणामातीने लिंपलेला कूड, तिच्या माहेरी मागच्या पडवीला होता तो. तिने त्या स्वयंसेवक बाईला खुणांनी विचारलं, शेण कुठलं? आणि त्या दोघी पुढची दहा मिनिटं, एकीला इंग्रजी येत नाही आणि दुसरीला मराठी, शेणात पेंढा किती घालायचा यावर बोलल्या. मी मधे भाषांतर करत होते पण माझी फारशी गरज नव्हती.

जमिनीबद्दल पण विचारलं आईने. मी तिला अल्फ्रिस्टनच्या क्लर्जी हाऊसबद्दल सांगितलं, ईस्ट ससेक्समधलं चौदाव्या शतकातलं हॉल हाऊस, १८९६ साली नॅशनल ट्रस्टने दहा पौंडांना घेतलं, त्यांची ती विकत घेतलेली पहिली इमारत. तिथली जमीन खडूच्या मातीची ठोकून ठोकून केलेली आणि वरून आंबट दूध देऊन घट्ट केलेली. आई म्हणाली, दूध? आणि मग थोड्या वेळाने, असेल बाबा, ज्याच्याकडे जे जास्त ते जमिनीला.

परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, किती छान ना, सगळे एका खोलीत, मधे विस्तव. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, तुझ्या आज्जीचे डोळे कशाने गेले असं तुला वाटतं? गॅस आला त्या दिवशी मी चुलीला नमस्कार केला आणि परत पेटवली नाही. मी गप्प बसले. हे मी विसरलेच होते, म्हणजे विसरले नव्हते, मला आठवायचं नव्हतं.

इंग्लंडमध्येही तेच झालं. सोळाव्या शतकात वीट स्वस्त व्हायला लागली तशा शेतकऱ्यांच्या घरांत चिमण्या आल्या. काहींनी आधी मधला तोडगा काढला, हॉलचा एक अरुंद खण वेगळा बंद करून त्यातूनच धूर वर जाऊ द्यायचा, बाकीचा हॉल मोकळा. मग विटांची पूर्ण चिमणी. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली लिहून ठेवलंय की गावातले म्हातारे आपल्या हयातीत काय काय बदललं ते सांगताना पहिली गोष्ट सांगतात ती चिमण्यांची, किती वाढल्या म्हणून. तो असंही लिहितो की पूर्वी लोक मानायचे धुराने घराचं लाकूड टणक होतं आणि घरधन्याला सर्दीपडसं होत नाही, आता चिमण्या आल्या आणि नाजूक माणसं पडशाची तक्रार करतात. आज्जीला जर कोणी हे सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं आणि चूल फुंकत बसली असती.

चिमणी आली आणि धूर कोंडला गेला, आणि धूर कोंडल्यावर एवढ्या उंच खोलीची गरजच उरली नाही. मग हॉलच्या मधोमध आडव्या तुळया टाकून मजला घातला. वर झोपायच्या खोल्या झाल्या, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, प्रत्येक खोलीला दार. मालक आणि गडी वेगळे जेवायला लागले. पुढे बाहेरच्या लाकडी भिंतीवर विटा आल्या, कौलं लटकली. आणि हॉल हा शब्द ज्या वाटेपाशी सुरू व्हायचा त्या दारातल्या आरपार वाटेवरच थांबला, तेवढाच उरला. आमच्या एजंटने दाखवलेली बोळकांडी ती हीच. आणि तोच शब्द जहाजाने मुंबईला गेला, आणि तिथल्या एक खोलीच्या, दोन खोल्यांच्या घरांत त्याला परत ती सगळ्यांची खोली मिळाली. ठाण्यात आम्ही सहा जण एका हॉलमध्ये झोपायचो, आता वाटतं त्या शब्दाला तिथे जुनं घर सापडलं होतं.

एक गोष्ट अशीच मधे सांगते. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरला पंधराव्या शतकातला असाच भव्य हॉल आहे, १९१० साली ते घर विकत घेतलं गेलं आणि दुरुस्तीचं काम दिलं वास्तुरचनाकार एडविन लट्यन्सला. हॉलमध्ये नंतर घातलेले मजले त्याने काढून टाकले, आणि बेनेंडनहून दुसरं एक पडायला आलेलं हॉल हाऊस उचलून आणून त्याला जोडलं. ते काम होत आलं आणि हा माणूस नवी दिल्ली बांधायला गेला. मला त्याची दिल्ली बघताना हे खुंट्यांचं घर कधीच आठवलं नव्हतं, आता आठवेल.

पण मला सगळ्यात जास्त काही थक्क करत असेल तर ते डेव्हनचं गवती छप्पर. तिकडे शाकारलेल्या घरांवर नवा पेंढा जुन्यावरच चढवत जायचे, त्यामुळे काही घरांत सगळ्यात तळाचा पेंढा अजून मध्ययुगातलाच आहे, आतून काजळीने काळा झालेला. काजळीमुळे त्याला कीड लागली नाही, तो कुजला नाही. त्यात गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या ओंब्या आहेत, शेतातलं तण आहे, आणि अभ्यासकांनी ते वेचून त्या काळात कुठल्या जातीचं पीक घ्यायचे, ताटं किती उंच असायची हे शोधलं. ज्या धुराने माणसांचे डोळे गेले त्यानेच त्यांचं शेत जपून ठेवलं.

आजींच्या छपराचं काम गेल्या शरद ऋतूत निघालं. काही कौलं सरकली होती. काम करायला आलेल्या एका माणसाने सुचवलं, वर आहोतच तर वासे घासून स्वच्छ करून देतो, काय ती घाण. आजींनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की ती घाण नाही, ते माझ्या घराचं वय आहे. घर संरक्षित यादीत आहे म्हणून कायदाही त्यांच्या बाजूने होता, पण त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही.

आई परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो. आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या, आजींनी स्कोन. बोलता बोलता मी माळ्याचा विषय काढला आणि आईला वर जायचंच होतं. अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, तरी चढली. मी टॉर्च धरला. तिने आडभिंतीची काळी बाजू बघितली, मग पलीकडची गोरी बाजू बघितली, परत काळी बघितली. एका वाशावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाली, वास गेला. मग तिथेच वाकलेली उभी राहून तिने टॉर्चच्या उजेडात आढ्यापासून एकेक वासा बोटाने दाखवत मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, खालून आजी विचारतायत सगळं ठीक आहे ना, अकरा, बारा, आणि तेराव्यावर ती एकदम थांबली. बोट मागे घेतलं, पदराला पुसलं.

"नको गो," ती म्हणाली. "जेच्या घरात चाय घेतली तेच्या घराचे वासे मोजूचे नसतत."

आणि शिडीचा पहिला दांडा पायाने चाचपायला लागली.